दालचिनीचा चहा आणि बीडची शुगर

बीड जिल्ह्यात कुणाला शुगर निघाली की आठवड्याच्या आत त्याच्याकडे औषधांची लांबलचक यादी जमते. त्यातली निम्मी डॉक्टरने सांगितलेली नसतात. मेथीचे दाणे रात्री भिजत घाला, कारल्याचा रस घ्या, जांभळाच्या बियांची पूड खा, गुळवेलीचा काढा, सदाफुलीची पानं, आणि अंगणात लावलेल्या ‘इन्सुलिनच्या झाडा’चं रोज एक पान. अलीकडे या यादीत दालचिनीचा चहा बराच वर सरकलाय. करायला सोपा, कडू नाही, वास छान, आणि मोबाइलवर त्याचं कौतुक सतत येत असतं. तेव्हा प्रश्न सरळ विचारावा: या चहाने साखर उतरते का? उतरत असेल तर किती, आणि कुणाची?

आधी एक गैरसमज बाजूला करू. हा उपाय ‘आजीच्या बटव्यातला’ म्हणून खपवला जातो. तो तसा नाही. दालचिनीच्या झाडाला दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. आपल्याकडे ती कोकणात नारळी-पोफळीच्या वाड्यांत आंतरपीक म्हणून लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जातही दिली आहे. बीड पडलं पर्जन्यछायेतलं. इथे दालचिनी कायम किराणा दुकानातूनच आली, आणि ती गेली काळ्या मसाल्यात, येसरात, बिर्याणीत. आयुर्वेदात तिला त्वक् म्हणतात, वेलची आणि तमालपत्राबरोबर तिचं त्रिजात होतं. पण प्रमेहासाठी जुन्या वैद्यांचा हात आधी जायचा तो हळद-आवळ्याकडे, जांभळाकडे, विजयसाराकडे. घराघरांत पोचलेलं दालचिनीचं औषध म्हणजे सितोपलादि चूर्ण, आणि ते खोकल्याचं. त्याचं प्रमाण पाहा: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. म्हणजे दालचिनीच्या या सर्वांत ओळखीच्या औषधात निम्म्याहून जास्त साखरच आहे!

दालचिनी आणि मधुमेह यांची आजची जोडी जुळली २००३ साली, पेशावरमध्ये. आलम खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाचे साठ रुग्ण घेतले. तीस जणांना रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनीची पूड कॅप्सूलमधून दिली, बाकीच्या तिसांना नुसत्याच दिखाऊ कॅप्सूल. चाळीस दिवसांनी दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरलेली दिसली. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलही खाली आलं. ‘डायबेटिस केअर’ या मान्यवर नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभर दालचिनीच्या कॅप्सूलचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुराचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पण त्या मजकुरात चार गोष्टी कधी येत नाहीत. पहिली, हे रुग्ण आपल्या शुगरच्या गोळ्या घेतच होते. दालचिनी गोळीच्या जोडीला होती, गोळीच्या जागी नव्हती. दुसरी, एक ग्रॅमने जेवढा फरक पडला जवळपास तेवढाच सहा ग्रॅमने पडला. औषध खरंच काम करत असेल तर मात्रा सहापट केल्यावर काहीतरी जास्त दिसायला हवं. ते दिसलं नाही तर शंका घ्यायला जागा राहते. तिसरी, प्रयोगात चहा नव्हताच, पूड होती. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची: त्यांनी ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीएवनसी, मोजलीच नव्हती. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या सकाळची नोंद. आदल्या रात्री काय जेवलात, झोप लागली का, ताप आहे का, यावर ती वीस-तीस अंकांनी सहज हलते. एचबीएवनसी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते, आणि डोळे, मूत्रपिंड, पाय यांचं पुढे काय होणार ते बरंचसं त्यावरून ठरतं.

पेशावरनंतर बऱ्याच ठिकाणी हाच प्रयोग झाला आणि उत्तरं एकमेकांशी जुळेनात. नेदरलँड्समध्ये २००६ साली पाळी थांबलेल्या पंचवीस मधुमेही बायकांना दीड ग्रॅम दालचिनी सहा आठवडे दिली. काहीही फरक नाही. त्याच वर्षी जर्मनीत ७९ रुग्णांना दालचिनीचा पाण्यात काढलेला अर्क चार महिने दिला. उपाशीपोटीची साखर दहा टक्क्यांनी उतरली, दिखाऊ औषध घेणाऱ्यांची साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एचबीएवनसी दोघांचीही जिथल्या तिथे. हा प्रयोग आपल्या दृष्टीने मोलाचा, कारण पाण्यात काढलेला अर्क म्हणजे आपल्या चहाचा जवळचा नातेवाईक, फक्त बराच कडक. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये २००७ साली एक ग्रॅमने काही झालं नाही. अमेरिकेतल्याच २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात १०९ रुग्णांत एक ग्रॅमने एचबीएवनसी ०.८३ ने उतरली. ज्यांना दालचिनी दिलीच नव्हती त्यांची ०.३७ ने.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. दालचिनी न घेणाऱ्यांचीही साखर उतरली! अंबाजोगाईला किंवा आष्टीला कुणी छातीठोकपणे सांगतो, ‘मला गुण आला, रिपोर्ट दाखवू का?’, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. रिपोर्ट खराच असतो. पण माणूस चहा सुरू करतो ते साखर सर्वांत चढलेली असताना, घाबरून. त्याच आठवड्यात तो भात कमी करतो, सकाळी एसटी स्टँडपर्यंत चालायला लागतो, चुकवलेली गोळी पुन्हा घ्यायला लागतो. साखर खाली येते आणि मान मिळतो दालचिनीला. तुलनेला दुसरा गट लागतो तो एवढ्याचसाठी.

२०१२ साली कॉक्रेन संस्थेने तोवरच्या दहा चाचण्या, ५७७ रुग्ण, एकत्र तपासले. निष्कर्ष: एचबीएवनसीवर ठळक परिणाम दिसत नाही, मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने दहा चाचण्यांचीच पुन्हा बेरीज मांडली. त्यांना उपाशीपोटीची साखर सरासरी सुमारे २५ अंकांनी कमी झालेली दिसली, पण एचबीएवनसीबाबत त्यांचंही उत्तर नकारार्थीच. एकाला ग्लास अर्धा भरलेला दिसला आणि एकाला अर्धा रिकामा, असं म्हणून हे सोडून देण्याचा मोह होतो, पण दोघांचं ज्या मुद्द्यावर एकमत आहे तोच रुग्णाच्या कामाचा आहे. अलीकडे, २०२४ साली, कॅलिफोर्नियात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या अठरा लोकांच्या दंडाला सतत साखर मोजणारं यंत्र लावून रोज चार ग्रॅम दालचिनी दिली. दिवसभराची साखर थोडी खाली राहिली. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण माणसं अठरा आणि काळ चार आठवडे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आपल्या मार्गदर्शक सूचनांत दालचिनीचं नाव घेऊनच सांगते की साखर नियंत्रणासाठी ती सुचवावी असा स्पष्ट पुरावा नाही.

मग दालचिनीत काहीच नाही का? तसंही नाही. स्वीडनमध्ये २००७ साली चौदा निरोगी लोकांना तांदळाची खीर खायला दिली, एकदा साधी आणि एकदा सहा ग्रॅम दालचिनी घातलेली. दालचिनीच्या खिरीने पोट सावकाश रिकामं झालं आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. प्रयोगशाळेत दालचिनीतली काही द्रव्यं पेशींना इन्सुलिनची हाक जास्त चांगली ऐकू येईल असं काहीतरी करतात, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराला थोडं अडवतात, असंही दिसलं आहे. पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माजलगावच्या पन्नाशीच्या बाईचं शरीर वेगळं. शिवाय सहा ग्रॅम म्हणजे दोन सपाट चमच्यांहून जास्त पूड. तेवढी दालचिनी घातलेली खीर आपण ताटावरून परत पाठवू.

चहाचं तर आणखी वेगळं. घरी चहा कसा होतो? कपभर पाण्यात अर्ध्या इंचाचा तुकडा, पाच-सात मिनिटं उकळी, गाळून घेतलं. तुकड्यातलं बरंचसं गाळणीतच राहतं. पूड टाकली तर ती तळाशी चिकट होऊन बसते आणि शेवटचा घोट आपण ओतून देतो. प्रयोगांत वापरलेली मात्रा अशा कपातून पोटात जातच नाही. फायदा आधीच अंधुक, तो इथे आणखी पातळ होतो. तोटाही पातळ होतो, हे मात्र खरं.

तोटा म्हटल्यावर दुकानाकडे वळायला हवं. बीडच्या कुठल्याही किराणा दुकानात दालचिनी मागा. समोर येते ती जाड, खरबरीत, तांबूस-तपकिरी साल, बोटांनी मोडायला गेलं तर दाद न देणारी. हा तज, इंग्रजीत कॅसिया. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येतो. खरी दालचिनी, श्रीलंकेची किंवा आपल्या कोकण-केरळची, पातळ पापुद्र्यांची असते, एकात एक गुंडाळलेली, फिक्या रंगाची, चिमटीत चुरा होणारी. वासाला सौम्य, किमतीला तजाच्या कितीतरी पट. अन्न सुरक्षेच्या भारतीय नियमांत दालचिनी आणि तज यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत, पण दुकानातल्या बरणीवर एकच नाव असतं.

फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की तजात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि खऱ्या दालचिनीत नावापुरतं. कुमारिन काही लोकांच्या यकृताला त्रास देतं. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मनीच्या संस्थेने हिशेब मांडला तो असा: साठ किलोच्या माणसाने रोज दोन ग्रॅमपर्यंत तज खाल्ला तर चालेल. रोज एक चमचा पूड गरम पाण्यातून घेणारा ती मर्यादा पहिल्याच चमच्यात ओलांडतो. मसाल्यातल्या दालचिनीने कुणाचं काही बिघडत नाही. महिनोनमहिने औषध म्हणून चमच्याने खाण्याने बिघडू शकतं, विशेषतः ज्याचं यकृत आधीच दारूने किंवा काविळीने दुखावलंय त्याचं. आणि पूड विकत घेऊच नये. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या पाकिटातल्या दालचिनीत शिसं सापडलं, मुलांच्या रक्तात ते पोचलं, आणि त्यानंतर तिथल्या बाजारातल्या बऱ्याच दालचिनी पुडींबाबत सरकारी इशारे निघाले. अख्खी साल घ्या, घरी कुटा.

आता दालचिनीच्या चहाची माझ्या मते खरी जमेची बाजू. आपला नेहमीचा चहा म्हणजे कपामागे दोन चमचे साखर, आठ-दहा ग्रॅम. घरी दोन, शेजारी एक, तहसीलच्या बाहेर टपरीवर दोन, पाहुणे आले की आणखी एक. दिवसाकाठी पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते, आणि ‘मी गोड खातच नाही’ असं सांगणाऱ्याच्या ती मोजदादीत नसते. यातले तीन-चार कप बिनसाखरेच्या दालचिनीच्या चहाने भरून काढले तर साखरेत फरक पडणारच. गुण असतो तो न पडलेल्या साखरेचा. नाव दालचिनीचं झालं तरी हरकत नाही, ज्याला रिकामा कोरा चहा घशाखाली उतरत नाही त्याला या वासाने उतरत असेल तर चांगलंच आहे. मात्र त्यात मध किंवा गूळ घातला की सगळंच मुसळ केरात. मध ‘नैसर्गिक’ आहे हे खरं, पण साखर तीही नैसर्गिकच, उसातून आलेली.

बीडमध्ये उसाचं नाव घेतलं की विषय फडावर जातोच. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. पाच-सहा महिने कोपीत संसार. पहाटे तीन-चारला उठायचं, गोड चहा, आणि कोयता. जेवणाची वेळ गाडी भरण्यावर अवलंबून. अशात नवरा-बायकोपैकी एकाला शुगर असली तर गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात नोंदवलेल्या, आणि माणूस तीनशे किलोमीटरवर. गोळ्या संपल्यावर मसाल्याच्या डब्यात जे असतं त्यावर भिस्त ठेवली जाते. दालचिनीचा चहा खरा धोकादायक होतो तो इथे. उलटही घडतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, वर साखर उतरवायची म्हणून उपाशीपोटी कडक काढा प्यायला, आणि जेवणाआधी चार तास ऊस तोडला, तर साखर धाडकन खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबतची माणसं ‘ऊन लागलं’ म्हणून पाणी पाजतात. अशा वेळी हाताशी असलेलं उसाचं कांडं चघळायला देणं हा उत्तम प्रथमोपचार आहे. एरवी, येता-जाता चघळलेलं तेच कांडं साखर चढवतं. नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे धरताना गोळी आणि काढा दोन्ही चालू ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं, आणि उपवासाआधी डॉक्टरला विचारून गोळीचा डोस बदलून घ्यावा.

‘आम्ही राबणारी, अंगावर मांस नसलेली माणसं, आम्हाला कसली शुगर?’ हा प्रश्न फडावर हमखास निघतो. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार ही आपली घडण आईच्या पोटातल्या उपासमारीपासून सुरू होते, असं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवलं. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याने हे मनावर घ्यायला हवं. आयसीएमआरच्या पाहणीत, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मधुमेहाचं प्रमाण ६.५ टक्के होतं आणि शहरांत १०.९. २०२३ साली त्याच मालिकेने देशभरचा आकडा ११.४ टक्के सांगितला, म्हणजे दहा कोटींवर माणसं.

बीड जिल्ह्यातल्याच परळीचा वैजनाथ वैद्यांचा नाथ; समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत तिथल्या लिंगात ठेवले अशी कथा आहे. त्या जिल्ह्यात वनस्पतीच्या औषधाला नाकं मुरडायचं कारण नाही, आणि मी मुरडतही नाही. आज जगात सर्वांत जास्त दिली जाणारी मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, तिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपी झुडपातच आहे. मध्ययुगापासून तिथले लोक ती वनस्पती वापरत होते. पण थेट वनस्पती घातक ठरू शकत होती, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या द्रव्यासारखं सुरक्षित द्रव्य घडवलं, आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते माणसांत वापरून दाखवलं. पुढे हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं तपासलं गेलं. ती गोळी एचबीएवनसी एक ते दीड अंकाने उतरवते. ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी एका अंकाने कमी असलेल्यांत डोळे-मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळले. दालचिनी या परीक्षेला अनेकदा बसली आणि काठावरही निर्विवाद पास झाली नाही. तरीही ‘महिन्यात शुगर मुळापासून’ अशा जाहिराती आपल्याकडे बिनदिक्कत फिरतात. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे.

तेव्हा चहा प्या. बिनसाखरेचा, दिवसाला एक-दोन कप, अर्ध्या इंचाच्या सालीचा. चमचाभर पूड नको. गरोदर बाई, यकृताचा रुग्ण, इन्सुलिन घेणारा यांनी औषध म्हणून नकोच. भाकरीबरोबर मटकी, डाळ, पिठलं वाढवा आणि भाकरी एकाने कमी करा. २०२५ साली आलेल्या आयसीएमआरच्याच विश्लेषणात नुसता भात सोडून गहू किंवा भरड धान्याचं पीठ धरल्याने धोका कमी झालेला दिसला नाही, पिष्टाची जागा डाळी आणि दुधातल्या प्रथिनांनी घेतली तिथे दिसला.

मेटफॉर्मिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजल्यानंतर ऊसतोड बायकांची फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी होऊ लागली. त्याच तपासणीत नवरा-बायको दोघांचीही साखर तपासावी, आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना हंगामभराच्या गोळ्या कार्डावर लिहून सोबत द्याव्यात. आशाताईंनी आणि मुकादमांनी मनावर घेतलं तर याला नवीन योजना लागत नाही. आणि तुम्ही आज दालचिनीचा चहा सुरू करणार असाल तर आजच एचबीएवनसी करून आकडा लिहून ठेवा, गोळी तीच ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा.